सात नंबरचे पाय

आमच्या ग्रुपवर परीक्षक निवडायची पद्धत सोपी आहे. मागच्या महिन्याच्या निकालावर जो सगळ्यात जास्त बोंबलला, त्याच्या गळ्यात पुढच्या महिन्याचं परीक्षकपद बांधायचं. ही आयडिया बुद्धभूषणची. तो ग्रुपचा अ‍ॅडमिन, लहानपणापासून आमच्याच चाळीतला, आता एका कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसून लोकांच्या तक्रारी ऐकतो. त्यामुळे तक्रार करणाऱ्याचं तोंड कसं बंद करायचं हे त्याला बरोबर ठाऊक.

गेल्या महिन्यात विषय होता 'पाणी'. मी नळावर रांगेत लावलेल्या कळशांचा फोटो पाठवला होता. बक्षीस मिळालं अवधूतला, पानावरच्या दवबिंदूसाठी. डिलाईल रोडला पानावर दवबिंदू! आमच्याकडे पानावर चुना असतो. तो थेंब इंटरनेटवरून उचललेला आहे हे मी ग्रुपवर लिहिलं, मग अवधूतच्या आईने लिहिलं, मग मी पुन्हा लिहिलं. दोन दिवसांनी बुद्धभूषणचा मेसेज आला, 'सीमाताई, अभिनंदन. या महिन्याच्या परीक्षक तुम्ही. विषय: दुपार.'

ग्रुपचं नाव 'आमची चाळ ओरिजिनल'. ओरिजिनल अशासाठी की एकदा भांडण होऊन काही लोकांनी दुसरा ग्रुप काढला होता. तिथे भांडायला कोणीच उरलं नाही, म्हणून सगळे परत आले. निम्मे मेंबर आता चाळीत राहतही नाहीत. कोणी विरारला, कोणी डोंबिवलीला, राकेश तर दोह्याला. पण चाळीत कोणाची कडी वाजली की पहिला मेसेज दोह्याहून येतो.

स्पर्धेचे नियम बुद्धभूषणने केलेत. फोटो मोबाईलवरच काढलेला हवा. तो बुद्धभूषणला पाठवायचा. तो नाव काढून नंबर टाकतो आणि परीक्षकाला धाडतो. परीक्षकाने तीन निवडायचे, आणि ते तीनच ग्रुपवर येणार. बाकीचे कोणाला दिसत नाहीत. पूर्वी सगळे टाकायचे, तर ज्यांना लाइक कमी पडले ते ग्रुप सोडून गेले आणि त्यांना रुसलेल्या जावयासारखं घरी जाऊन आणावं लागलं.

नाव लपवायचं, हे ऐकायला छान वाटतं. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? आमच्या चाळीत फोटो बघितला की तो कोणाच्या दारातून काढलाय ते शेंबडं पोरही सांगेल. या वेळी गॅलरीत झोपलेल्या बाबुरावांचेच तीन फोटो आले होते. बाबुराव रोज जेवून बाकावर आडवे होतात आणि संध्याकाळी उठतात. एका फोटोत त्यांचे तळवे मोठे होते, म्हणजे तो प्रितीच्या दारातून. एकात टक्कल, म्हणजे वरच्या मजल्यावरून. तिसऱ्यात पोट, ते समोरच्या चाळीतून. हितेंद्रने आपल्या बाईकचा फोटो पाठवला होता. विषय 'पाणी' असताना त्याने ओली बाईक पाठवली होती, आता उन्हातली. राकेशने वाळवंट पाठवलं. उंटावरून शेळ्या हाकायची सवयच आहे त्याला, या वेळी उंटही फोटोत होता.

परीक्षक झालं की माणसाला अचानक नमस्कार यायला लागतात. प्रितीने जिन्यात माझी पिशवी घेतली. हितेंद्रने घरी कोथिंबीर वड्या आणून दिल्या आणि जाता जाता बाईकचं मायलेज सांगितलं. मी वड्या खाल्ल्या आणि बाईक बाद केली. वड्या त्याच्या आईच्या, राधाकाकींच्या हातच्या होत्या, त्यांचा काय दोष?

आणि मग मी सात नंबर उघडला.

चार पाय होते. दोन बायका भिंतीला टेकून, पाय पसरून शेजारी शेजारी बसलेल्या, आणि त्यातल्याच एकीने आपल्या डोळ्यांना दिसतात तसे चारही पाय एका फोटोत घेतलेले. चेहरे नाहीत. खिडकीच्या गजांची सावली पायांवरून आडवी गेलेली, भेगांमध्ये ऊन शिरलेलं. बाजूला वाटीत कैरीच्या फोडी तिखटमीठ लावून, आणि चहाचे कप. बस्स. पण बघताना वाटलं की आपणही पाय लांब करावेत आणि कोणी हाक मारली तरी ओ देऊ नये. दुपार म्हणजे काय, ते त्या फोटोत होतं. बाकीच्यांत फक्त ऊन होतं.

मी मनातल्या मनात पहिला नंबर देऊनही टाकला, आणि मग फरशी बघितली. अर्धी हिरवी, अर्धी पिवळट. अशी फरशी अख्ख्या चाळीत एकाच घरात आहे, तिसऱ्या मजल्यावर सीतारामकाकांकडे. काम चालू असताना हिरवी संपली आणि तशी पुन्हा मिळाली नाही. म्हणजे दोन पाय त्यांच्या बायकोचे, राधाकाकींचे. उरलेल्या दोन पायांपैकी डाव्याची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली होती. ती करंगळी मी जन्मापासून नळावर बघत आले आहे. पहिल्या मजल्यावरच्या गंगुकाकींची.



न कळणाऱ्यांसाठी सांगते. गंगुकाकींचे यजमान गुणाजीकाका आणि तिसऱ्या मजल्यावरचे सीतारामकाका सख्खे भाऊ. दोघंही गिरणीत होते. गावी, मालवणकडे, घरचा गणपती एकच. एका वर्षी मूर्तिकाराकडे मूर्ती कोणी सांगायची यावरून गडबड झाली. थोरल्याला वाटलं धाकटा विसरला, धाकट्याला वाटलं थोरला विसरला, आणि चतुर्थीच्या दिवशी एकाच दारात दोन गणपती येऊन उभे राहिले. देव परत कसा पाठवणार? दोघांनीही माघार घेतली नाही. गणपतीवर फळं-पानं टांगायची माटवी एकच, तिच्याखाली दोन गणपती बसले, दोन आरत्या झाल्या, एकमेकांपेक्षा मोठ्याने. तेव्हापासून अबोला. गुणाजीकाकांनी शपथ घातली की आपल्या घरातलं कोणी त्या घरातलं पाणी पिणार नाही. त्या वेळी मी परकर नेसत होते. आता मला चाळिशीचा चष्मा लागूनही जुना झाला. जावा जिन्यात भेटल्या तरी एक भिंतीकडे बघते, एक आभाळाकडे. निदान आम्ही तरी इतकी वर्षं तेच बघत होतो.

आता पंचाईत बघा. सात नंबर पहिला आला की ग्रुपवर येणार. ग्रुपवर आला की सगळी चाळ ती करंगळी ओळखणार, आणि गुणाजीकाकाही ग्रुपवर आहेत. रोज सकाळी फुलाचं चित्र टाकतात. म्हातारीच्या दुपारी बंद. पण नंबर दिला नाही, तर बाबुरावांच्या पोटाला पहिलं बक्षीस द्यायचं? वर्षभर मी प्रत्येक परीक्षकाला ओळखीपाळखीने नंबर देतो म्हणून शिव्या घातल्या होत्या.

मी बुद्धभूषणला फोन लावला. म्हटलं, एखादा फोटो न सांगता बाजूला ठेवला तर चालेल का? तो म्हणाला, परीक्षकाने कारण द्यायची गरज नाही. मला हायसं वाटलं. मग तो शांतपणे म्हणाला, "फक्त मागच्या महिन्यात ग्रुपवर कारण तुम्हीच मागत होतात, ताई." काही माणसं अशी सभ्य असतात की त्यांना एक ठेवून द्यावीशी वाटते.

शेवटी मी गंगुकाकींनाच गाठलं. त्या जिन्याच्या वळणावर लसूण सोलत बसल्या होत्या. घरात काका पेपर वाचत होते, म्हणून मी आवाज खाली आणला आणि आडून आडून सुरू केलं. स्पर्धा आहे, फोटो बरेच आलेत, सात नंबर चांगला आहे, पण काही फोटो सगळ्यांनी बघण्यासारखे नसतात. माझी समजूत अशी की म्हातारीला वाटलं असणार, नाव झाकलं म्हणजे सगळं झाकलं. नातीने मोबाईल शिकवला, पाठवून दिला बिचारीने. आपण तिला वाचवायला आलोय, अशा थाटात मी बोलत होते.

त्यांनी लसणीचं साल फुंकून उडवलं.

"पाय वळाखतले सगळे, ता माका ठाव आसा," त्या म्हणाल्या. "म्हणानच धाडलंय."

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. हितेंद्रने पनवेलला फ्लॅट घेतलाय. दिवाळी झाली की आईवडिलांना तिकडे नेणार. राधा गेली की दुपारी कोणाकडे जायचं? आणि पनवेलला भेटायला जायचं तर नवऱ्याला काय सांगून जाणार? इथे भजनाला जाते म्हणता येतं, पनवेलपर्यंत कुठलं भजन जातं? स्वतःच्या तोंडाने नवऱ्याला सांगायचं धाडस इतक्या वर्षांत झालं नाही, आणि आता होईल असं वाटत नाही, म्हणून ते काम पायांवर सोपवलं.

"तुका आवाडलो नसलो तर पाड," त्या म्हणाल्या. "घाबरान पाडू नको."

रविवारी सकाळी मी निकाल टाकला. पहिला, सात नंबर. दुसरे बाबुराव, टकलाकडून. तिसरं प्रितीच्या आईचं वाळवण. आणि ग्रुपवर अशी शांतता पसरली, जशी भारत मॅच हरल्यावर पसरते. अवधूत टाइप करतोय असं दिसायचं आणि जायचं. हितेंद्र टाइप करतोय, गेला. राकेशने दोह्याहून 'हे पाय कुठेतरी बघितलेत' असं लिहिलं आणि अर्ध्या मिनिटात डिलीट केलं. विजेत्याचं नाव जाहीर करायला बुद्धभूषण चक्क विसरला. नियमाला पक्का माणूस, पण जीव प्यारा.

गुणाजीकाकांचं सकाळचं फूल आलं होतं. त्यानंतर काहीच नाही.

जेवणं झाल्यावर माझ्या दारात चपला वाजल्या. गुणाजीकाका उभे होते. एक मजला चढून आल्याने धापा टाकत होते आणि हातात मोबाईल होता. मी मनाशी सगळी उत्तरं तयार ठेवली होती. बाईमाणसाने दुपारी दोन घटका जावेकडे बसलं तर काय आभाळ कोसळतं, इथपासून ते देवाला दोन गणपती चालले, तुम्हाला का चालत नाहीत, इथपर्यंत. त्यांना खुर्ची दिली आणि पहिलं उत्तर सुरू केलं.

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाले, गंगी वर जाते ते मला केव्हापासून माहीत आहे. चपला दारातच ठेवून कोण भजनाला जातं? मी झोपेचं सोंग घेऊन पडून राहतो. तिला एवढं तरी असू दे, म्हणून कधी विचारलं नाही.

मग त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि माझ्यासमोर धरला.

"एवढी परीक्षक झालीस. हा तिसरो कप दिसलो नाय तुका?"

मी बघितलं. कप तीन होते. मी फोटो निदान वीस वेळा उघडला होता, फरशी ओळखली होती, करंगळी ओळखली होती, आणि दोन बायका आणि तीन कप हा हिशेब मला आला नव्हता. तिसऱ्या कपाच्या शेजारी बशी होती, काठोकाठ चहाने भरलेली.

काका म्हणाले, सीताराम लहानपणापासून असाच पितो. बशी भरतो, खाली ठेवतो, निवेपर्यंत गप्पा मारतो. आईचा मार खाल्ला त्याने त्यापायी, कारण दर वेळी कोणाचा तरी पाय लागून ती सांडायची. माझाच लागायचा.



"म्हणजे एवढी वर्सां मी एकटोच भांडतंय," ते म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. जिभेवर एरवी दहा टोमणे तयार असतात, त्यातला एकही कामाचा नव्हता. गंगुकाकींची दया करायला मी जिना उतरून गेले होते, आणि रोज दुपारी डोळे मिटून घरात एकटा पडून राहणारा माणूस मला कधी दिसलाच नव्हता. खाली तो पडलेला, आणि दोन मजले वर त्याचीच माणसं कैरी खात बसलेली. मी म्हटलं, काका, चहा टाकते.

"नको," ते उठत म्हणाले. "दोनदा चाय सोसत नाय आता माका."

दारापर्यंत गेले. मला वाटलं खाली जातील, पण ते वर जाणाऱ्या जिन्याकडे तोंड करून थांबले. एक हात कठड्यावर होता. चढायचं की नाही, हे ठरत नव्हतं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "त्येंच्याकडे चवथो कप आसात की नाय कोण जाणा. तुझ्याकडचो एक दी."

मी आत जाऊन एक कप आणून दिला. कान तुटलेला दिला. आमच्या चाळीत दुसऱ्याच्या घरी गेलेला कप कधी परत येत नाही.