कर्ण्यावर देवचंदनाना

देवचंदनानांची कबड्डीतली चढाई एके काळी धरणगावापासून नरडाण्यापर्यंत गाजलेली. पण माइक समोर आला की त्यांची बोबडी वळायची. जळगावला निवृत्त खेळाडूंना रेडिओसाठी समालोचन शिकवायचा वर्ग चालायचा, नानाही त्यात जात. रेडिओवर जागा एकच, आणि त्यांचा जुना सोबती तोताराम तिथे घडाघडा बोलायचा. लोकांनी पुन्हा आपलं नाव घ्यावं, एवढ्यासाठी नाना झुरत होते. शिकवणारे साहेब रोज टोचायचे, की नाना, तुम्ही बातम्या वाचताय. लोकांना दिसत नाही ते सांगा, आणि काही झालं तरी थांबू नका.

शेवटची परीक्षा धुळ्याच्या स्पर्धेत होती. माइक मैदानावरच्या कर्ण्याला जोडला होता. तोतारामने पूर्वार्ध टाळ्यांत संपवला. उत्तरार्धाला नाना बसले, तेव्हा डाव्या कोपऱ्यात त्यांचाच पठ्ठ्या वाल्मीक उभा होता. त्याचा गुडघा सुजलेला होता. पोलीस भरती हातची जाईल म्हणून त्याने ते फक्त नानांना सांगितलं होतं.

समोरचा गडी चढाईला आला आणि नानांना कंठ फुटला. कर्णधार असताना आपल्या गड्याला ओरडून वाट दाखवायचे, तीच सवय उसळून आली.

"डावा कोपरा बघा. उजव्या पायावर भार देत नाही. गुडघा गेलाय त्याचा. तिथं घुसलं की गुण."

बंद खोलीत शिकलेल्या माणसाला खेळाडूंनाही कान असतात हे सुचलं नाही. गडी सरळ वाल्मीकवर गेला आणि त्याच गुडघ्यावर लाथ बसली. लाथेने शिवणं नियमात बसतं. पंचांनी गुण दिला. वाल्मीक मातीत लोळत ओरडत होता आणि नाना थांबले नाहीत. पाय कसा वाकडा झालाय, कोण कसं उचलतंय, सगळं इतकं सुरेख सांगितलं की बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावले. नानांना लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

साहेबांनी तिथेच पाठ थोपटून निवड सांगून टाकली.

डॉक्टर म्हणाले, पळणं संपलं. तोतारामला घेतलं असं निदान आज तरी सांगायचं, असं ठरवून नाना दवाखान्यात शिरले. वाल्मीकने डोळे उघडले.

"नाना, तुम्हले लिधं का रेडिओवर?"

"लिधं," नाना म्हणून गेले, आणि आवाजातला आनंद त्यांना लपवता आला नाही. वाल्मीकने भिंतीकडे तोंड फिरवलं.