लग्नाच्या मेनूत काळा नाही

गोपिकाचं कौतुक मी तोंडावर कधी करत नाही, डोक्यावर चढून बसेल म्हणून. इथे करतो.

महाल भागात माझं पत्रिका छापायचं दुकान आहे. लग्नाच्या आणि तेरवीच्या, म्हणजे तेराव्याच्या, दोन्ही पत्रिका एकाच कॉम्प्युटरवर बनतात. तेरवीला काळी शाई लागते, लग्नात काळ्याचा ठिपकाही चालत नाही. आणि आमचं पेज लेआउटचं सॉफ्टवेअर इतकं आगाऊ, की काहीही टाइप करा, अक्षर आधी काळंच उमटतं. मग ओळ न् ओळ निवडून रंग बदलत बसा. गेल्या मोसमात एका पत्रिकेत मंगल कार्यालयाचा पत्ता तसाच काळा राहिला, आणि वरमाईनं अख्खा गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला. मी चिडून सॉफ्टवेअरमधला काळा रंगच उडवायला गेलो. तो उडवता येत नाही.

गोपिका आमची डिझायनर, रोज कामठीहून बसनं येते. ती शांतपणे म्हणाली, जात नसेल तर दाखवायचाच नाही. तिनं स्क्रिप्ट लिहायला घेतली, म्हणजे सॉफ्टवेअरला आपलं काम शिकवणाऱ्या सूचना. पहिल्यांदा पडद्यावर रंगांची खिडकी उघडली ती रिकामीच, काळ्याबरोबर सगळेच रंग गायब. मी हसलो. तिनं चहा बाजूला सारून पुन्हा लिहिलं. आता अक्षरं निवडली की छोटी खिडकी, म्हणजे रंगांचा मेनू, उघडते आणि फाइलमधले रंग समोर मांडते, काळा सोडून. रंगांना नावंही आकड्यांची नाहीत: शालूचा लाल, हळद, मेंदी, मोरपंखी. गिऱ्हाईक स्वतःच बोट ठेवतं. पोरीचं डोकं असं चालतं की नुसतं बघत राहावं.

परवा काटोलहून देवाजी आले, पुतणी उन्नतीला घेऊन. लग्न तिचंच. बाप दिवाळीआधी वारला, तेव्हापासून सगळं काकांच्या हातात. देवाजींनी बजावलं, की बापाच्या नावाआधी 'स्व.' लावा, आणि ते नाव काळ्यात, बारीक, खाली कोपऱ्यात घ्या. गेलेल्या माणसाचं नाव लाल अक्षरात असलं तर सोयरे नावं ठेवतील. उन्नतीनं एकदाच, खाली बघत सांगितलं, की बाबांचं नाव माझ्या नावाशेजारी आणि माझ्याच रंगात हवं. काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती ओढणीचं टोक पिळत बसली. मला राग आला, पण गिऱ्हाईकाशी भांडून दुकान चालत नाही.

गोपिकानं कोपऱ्यात बारीक टाइप केलेलं बापाचं नाव उचलून मुलीच्या नावाशेजारी आणलं, ते निवडलं, खिडकी उघडली आणि माउस उन्नतीपुढे सरकवला.

"तूच निवड वं."

देवाजी पुढे वाकले. रंगांची नावं वरून खाली वाचली, परत वाचली. "काळा कुठी गेला?"

"लग्नाच्या मेनूत काळा नसते, काका," गोपिका म्हणाली. "मीच काढला. मेनूबाहेरून टाकता येते, पण मी नाही टाकत."

झालं, मनात म्हटलं, गेलं गिऱ्हाईक. देवाजींनी माझ्याकडे पाहिलं. मालक आता पोरीला झापेल अशी त्यांची अपेक्षा होती. मी तोंड उघडलं आणि सांगितलं, की काळंच हवं असेल तर दुसरीकडून करून घ्या. माझं मलाच नवल वाटलं.

उन्नतीनं 'शालूचा लाल' निवडला. पडद्यावर बापाचं नाव लाल झालं, थेट तिच्या नावासारखं. ती रडली नाही, बघत राहिली. देवाजीही बघत राहिले. मोठ्या भावाचं नाव त्यांनी बहुधा तेरवीच्या पत्रिकेनंतर आज पहिल्यांदाच छापील अक्षरात पाहिलं असावं.

मग त्यांनी खुर्ची गोपिकाजवळ ओढली. पत्रिकेत खाली निमंत्रक म्हणून त्यांचं स्वतःचं नाव ठळक होतं, त्यावर बोट ठेवलं.

"पोरी, दादाचं नाव इतकं बारीक काहून ठेवलं? माह्याहून मोठं कर."