तिसऱ्यांदा तोच कोड

सिस्टरची गाडी तिसऱ्यांदा गॅरेजच्या दारात येऊन थांबली तेव्हा चिमीनं हातातला पाना खाली ठेवला.

"पुन्हा पेटला तो पिवळा दिवा," सिस्टर खिडकीतूनच म्हणाल्या. "आणि या वेळी नुसता दिवा नाही. भर चढावर गाडी बंद पडली. मागे ट्रक होता."

सिस्टर बाळंतपणं करायला घरोघर जात. त्यांची गाडी अडली की कुठेतरी कळा सोसणारी बाई दाराकडे डोळे लावून बसायची. तरी त्यांनी आवाज चढवला नाही. चिमीला तेच जास्त लागलं. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

चिमी अडतीस वर्षांची, दोन मुलांची आई. पण गॅरेजात अजून चिमीच. गॅरेज तिच्या वडिलांचं, अण्णांचं. नजर अधू झाली तसं त्यांनी काम तिच्यावर सोपवलं होतं. अगदीच हात शिवशिवले तर ते एखादी गाडी उघडत, एरवी दाराशी खुर्ची टाकून येणाऱ्या प्रत्येक इंजिनाच्या आवाजावर शेरे मारत.

तिनं स्कॅनर जोडला. तोच कोड, क्रँक सेन्सरचा. इंजिन किती वेगानं फिरतंय हे सांगणारा हा सेन्सर गप्प झाला, की इंजिनही जागीच थांबतं. पहिल्या खेपेला तिनं सेन्सर बदलला होता. दुसऱ्या खेपेला आणखी एक नवा मागवून तोही बसवला. दोन्ही वेळा गाडी गॅरेजात तासभर शहाण्यासारखी चालली आणि आठवड्याच्या आत दिवा हजर.

"सेन्सरच खराब आला असेल. तिसरा टाक," अण्णा खुर्चीतून म्हणाले.

"सगळे खराब सेन्सर माझ्याच वाट्याला येतात का, अण्णा?"

तिनं डबा बाजूला ठेवला. ती गाडीभोवती फेऱ्या मारत राहिली. अचानक थबकली.

"सिस्टर, याआधी दिवा कुठे पेटला होता?"

"एकदा दवाखान्याच्या तळघरातून वर येताना. एकदा पुलावर चढताना."

म्हणजे दर वेळी चढच! आणि आपण गाडी तपासत बसलो सपाट फरशीवर. चढावर जोर लागला की इंजिन आपल्या जागी किंचित कलतं. चिमीनं स्वतःच्याच कपाळावर हात मारला, गाडी खड्ड्यावर घेतली आणि इंजिन चालू ठेवून टॉर्च घेऊन खाली उतरली. पहारीनं इंजिन इंचभर रेटलं. फट्‌ करून बंद! सोडलं, सिस्टरना किल्ली फिरवायला लावली, पुन्हा रेटलं. पुन्हा बंद.

इंजिन कललं की सेन्सरची वायर सायलेन्सरच्या पाइपावर टेकत होती. वरचं आवरण घासून, वितळून आतलं तांबं उघडं पडलेलं. वायर पाइपापासून दूर धरणारी क्लिप जागेवर नव्हतीच.

आनंद व्हायला हवा होता. पण ही क्लिप शेवटची कुणी काढली असणार, हे तिला लख्ख आठवलं. चार महिन्यांपूर्वी क्लच प्लेट बदलली तेव्हा. चिमी मुलीच्या शाळेत गेली होती आणि ते काम अण्णांनी एकट्यानं केलं होतं.

"सापडलं का गं?" वरून सिस्टरनी विचारलं.

"सापडलं. वायर घासली होती."

तिनं वायर बदलली, नवी क्लिप लावली, गाडी दोनदा टेकडीवर नेऊन आणली. सिस्टर तोंडभर आशीर्वाद देऊन गेल्या. चिमीला मात्र चैन पडेना. आपण खोटं बोललो नाही, पण खरंही सांगितलं नाही. दुपारभर हातातून पाने निसटत होते.

"तिसऱ्यांदा पडला पाना," अण्णा म्हणाले. "आणि वायर आपोआप कशी घासेल? तिला क्लिप असते."

चिमी पाना उचलायला वाकली.

"नव्हती ना?" ते उठून जवळ आले. "क्लच मी उतरवला होता."

"अण्णा, होतं एखाद्या वेळी..."

"मागे ट्रक होता म्हणाली ती. फोन लाव तिला."

फोन त्यांनी स्वतः धरला. "सिस्टर, ती चूक माझी होती. पोरीची नव्हे."  मग पलीकडचं सगळं ऐकून घेत त्यांनी मान हलवली.

फोन ठेवल्यावर ते बोटांवर गाड्या मोजू लागले. "नजर अधू झाल्यापासून मी चारच उघडल्या. सिस्टरची झाली. शाळेची व्हॅन, शिंप्याची गाडी, पाववाल्याचा टेम्पो. सगळ्यांना बोलाव."

व्हॅन ठीक निघाली. शिंप्याच्या गाडीतही खोट नव्हती. पाववाल्याच्या टेम्पोखाली मात्र मागच्या चाकाचे दोन बोल्ट नुसत्या बोटानं फिरले. चिमीनं वर पाहिलं. खड्ड्याच्या काठावर अण्णा टॉर्च धरून वाकले होते. 

"सांग," ते म्हणाले.

"दोन ढिले आहेत."

"आवळ. मग बाकीचेही सगळे बघ," अण्णा म्हणाले, आणि ती एकेक बोल्ट आवळत शेवटच्या चाकापर्यंत जाईस्तोवर तिथून हलले नाहीत.