कापायची की शिवायची

डॉक्टरांनी दुर्बीण गुडघ्यात तशीच धरून ठेवली आणि सिस्टरला म्हणाले, "बाहेर विचारून या. गादी शिवायची की कापायची?"

हिरव्या पडद्याआड स्वप्नाली टक्क जागी होती. भूल कमरेखाली दिलेली, डोक्याला नव्हे. स्क्रीनवर तिला तिचाच गुडघा दिसत होता. तुटलेल्या लिगामेंटशेजारी दोन हाडांमधल्या गादीचा पांढरा तुकडा, खोबऱ्याच्या कातळीसारखा, फाटून सांध्यात अडकला होता. त्यानंच आठ दिवस पाय सरळ होऊ दिला नव्हता.

"मला विचारा ना सर. मी हितंच हाय."

"तुझ्या वडिलांनी बजावलंय, बाळा. काही ठरवायचं झालं तर आधी त्यांना."

बाळा! चोवीस वर्षांची घोडी, केजच्या शाळेत पोरींना कबड्डी शिकवणारी, फॉर्मवर स्वतःची सही ठोकलेली, आणि म्हणे बाळा. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

बाहेरून काय उत्तर येणार ते तिला ठाऊक होतं. लग्न अठरा दिवसांवर आलेलं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, तिच्या वडिलांनी, अर्जुनरावांनी, अर्धा तालुका बोलावला होता. डॉक्टरांनी कालच फोड करून सांगितलं होतं. गादी शिवली तर सहा आठवडे पाय टेकवायचा नाही, पण गुडघा टिकेल. फाटका भाग कापला तर लग्नात सप्तपदी चालता येईल, मात्र पुढं गुडघा लवकर झिजेल, मैदानाचं काही खरं नाही. त्यावर अर्जुनराव एवढंच म्हणाले होते, "लग्न तारखेलाच हुईल." त्या घरात अर्जुनराव बोलले की विषय संपला. भाजी कोणती करायची, हेसुद्धा तेच सांगायचे आणि आई, छबुबाई, मान हलवून चुलीकडं वळायची.

सिस्टर परत आली. "बाहेरून सांगितलंय, कापा."

"कापायची न्हाई!" स्वप्नाली एवढ्यानं ओरडली की भूलवाल्या डॉक्टरांनी तिचा खांदा धरला. "गुडघा माझा, सही माझी. टाके घालणार आसाल तर हात लावा, न्हाईतर आत्ता उठून जाते मी!"

उठून जाते म्हणे. कमरेखाली सगळं लाकूड झालेलं.

डॉक्टरांनी पडद्यावरून वाकून पहिल्यांदाच तिच्याकडं नीट बघितलं.

"आणि लग्न?"

"ते माझं मी बघते."

"टाक्यांचं सामान घ्या," ते सिस्टरला म्हणाले.

दुपारी तिला वॉर्डात आणलं. अर्जुनराव खाटेजवळ आले तशी ती तडकली.

"आण्णा, पोरीचा पाय गेला तरी चालंल, मांडव सजला पायजे, आसंच ना? सात पावलांसाठी माझा जलमाचा गुडघा कापायला निघालते तुमी!"

शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. एवढं तोंडावर अर्जुनरावांना आजवर कुणी बोललं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, छबुबाईकडं बघितलं आणि खिशातला मोबाइल काढून ते व्हरांड्यात निघून गेले.

"बघ, पळाले."

"त्यांला का म्हून बोलतीस?" छबुबाई चादर सारखी करत म्हणाली. "कापा आसं मी म्हणले."

"तू?"

"सिस्टर आली तवा त्यांच्या तोंडातून शब्दच निघंना. माझ्याकडं बघून म्हणले, तूच सांग." छबुबाईचा आवाज खाली गेला. "पंचवीस वरसांत पैल्यांदा मला काई इचारलं, बाई. लई घाबरले मी. त्यांच्या मनात जे आसंल तेच सांगून टाकलं."

व्हरांड्यातून अर्जुनरावांचा आवाज येत होता. "न्हाई, पाव्हणं, तारीख पुढं न्यावीच लागंल. काय बोलायचं ते मला बोला. पोरीचा पाय हाय."

छबुबाईचा हात चादरीवर थांबला.

"मंजी त्यांला बी शिवायचीच व्हती?" ती म्हणाली. "मंग तसं बोलले का म्हून न्हाईत?"

स्वप्नालीच्या तोंडात शिवी आली होती. ती कुणाला द्यायची, ते तिला कळेना.