खोका क्रमांक अकरा

बदलीच्या नोकरीतल्या घरात रिकामे खोके कधी टाकत नाहीत. आमचे हे विमा कंपनीत अधिकारी. ऑर्डर आली की हे पुढे जाऊन रुजू होतात आणि मागे उरते मी, बांधाबांध आणि माझी चिडचिड. प्रत्येक खोक्यावर क्रमांक आणि आत काय आहे ते मार्करने लिहायचं, हा माझा नियम. त्यातले चार-पाच खोके नव्या घरी उघडतच नाहीत. तीन वर्षांनी परत बांधायचेच, मग कशाला?

या खोक्यांवर कोणी कविता करील असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं. आमची लेक उत्कर्षा नववीत. तिला सध्याच्या गावी, मानसरोवर भागातल्या शाळेत हिंदीचा प्रकल्प मिळाला: एकाच विषयावर स्वतःच्या दहा कविता, पुस्तक हाताने शिवायचं. बाकीच्या मुलींनी फुलं, आई, तिरंगा असे विषय घेतले. हिने घेतले खोके. 'खोका क्रमांक तीन: काचसामान' या कवितेत कप जुन्या गावाच्या बातम्या अंगाला गुंडाळून नव्या गावाला येतात. मी भाजी चिरता चिरता ऐकत होते. ऊर भरून आला, पण तोंडाने विचारलं काय, तर गणिताचा अभ्यास झाला का.

नऊ कविता झाल्या. दहावी तिने अकरा क्रमांकाच्या खोक्यासाठी राखून ठेवली होती. इंदूर सोडताना, अकरा वर्षांची असताना, तो तिने स्वतः भरला होता आणि वर लिहिलं होतं, 'उत्कर्षाचे. कोणी उघडू नये. आईने तर नाहीच.' आपलं स्वतःचं घर होईल तेव्हा उघडायचा असं तिने ठरवलं होतं. आता कवितेसाठी रविवारीच माळ्यावरून काढू म्हणाली, तर मी घाईने म्हटलं, राहू दे, वर धूळ फार आहे.

कारण त्या खोक्यात तिचं काहीच नव्हतं. गोधड्या होत्या.

इंदूरला ट्रक दारात उभा, खोके संपलेले आणि गोधड्या उरलेल्या. लेक आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हती. बदली काय मी मागून घेतली होती? त्या रागात मी तिचा खोका उघडला, आतलं सगळं रद्दीवाल्याच्या पोत्यात घातलं आणि गोधड्या कोंबल्या. वरचं लिहिलेलं तसंच राहिलं. तीन वर्षं मी तोंड उघडलं नाही. आता उंदरांनी खाल्लं म्हणून सांगावं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

रविवारी सकाळी ती स्टुलावर चढली. हात खोक्याला लागणार तेवढ्यात मी म्हणाले, "उतर खाली. त्यात तुझं काही नाहीये. मी टाकून दिलं सगळं."

ती उतरली आणि स्टुलावरच बसली. रडली असती तर बरं झालं असतं.

"न बघताच टाकलंस?"

"नाही. एकेक बघून टाकलं."

हे सांगताना मला माझीच लाज वाटली. ती उठून आत गेली. मला वाटलं, आता दार आपटेल. पण ती वही घेऊन आली.

"मग तू सांग. मतलब, मला आता पूर्ण याद नाहीये काय काय होतं."

मी सांगत गेले. एका कानाचा कापडी हत्ती. तिच्या इंदूरच्या मैत्रिणीने, प्रणालीने, जोडीतली एक स्वतःकडे ठेवून दिलेली लाल क्लिप. बंद पडलेलं घड्याळ, काटे पावणेपाचवर. चिंचोके नऊ. शाळेच्या बसचा पास. सगळं ओळीने आठवत होतं, आणि अर्धवट झिजलेल्या खोडरबरापाशी मी डोळ्यांना पदर लावला. ती मान खाली घालून मराठीतच लिहीत राहिली. नंतर दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि ते मला मान्य होतं.

दहावी कविता म्हणजे तीच यादी, शब्द न् शब्द माझा. खाली लिहिलं होतं, 'सांगणारी: आई.' कविता हिंदीत नाही म्हणून मॅडमनी दोन गुण कापले. बदलून देऊ का म्हणून विचारायलासुद्धा ती गेली नाही.

एप्रिलमध्ये रायपूरची ऑर्डर आली. या वेळी अकरा क्रमांकाचा खोका तिने गोधड्या काढून पुन्हा स्वतः भरला, दुहेरी टेप मारली, जुन्या अक्षरांवर कोरा कागद चिकटवला आणि माझ्या हातातला मार्कर घेतला. लिहून झाल्यावर ती खाली ट्रकवाल्या भैयांना पाणी द्यायला गेली, तेव्हा मी वाचलं.

'उत्कर्षाचे. कोणी उघडू नये. आईने उघडलं तर चालेल.'

तो एक खोका मी ट्रकमध्ये दिला नाही. रायपूरपर्यंत मांडीवर घेऊन बसले, आणि उघडला नाही.