नमुना काढायचा की नाही

भाचीच्या पत्राला मामांनी उत्तर दिलं नव्हतं. म्हणजे लिहायला बसले होते, चार-पाच वेळा. पण दर खेपेला ‘बहुधा’ आणि ‘माझ्या अल्पमतीप्रमाणे’ यांची एवढी गर्दी व्हायची की मुद्दा बिचारा मधल्यामध्ये चेंगरून जायचा. मग तो कागद खूण म्हणून एखाद्या पुस्तकात जाऊन बसायचा. फोन ते करत नसत. फोनवर समोरच्याला लगेच उत्तर हवं असतं, आणि ते मामांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

भाची रसायनांच्या कारखान्यात रिअ‍ॅक्टरची प्रमुख होती. त्या भल्यामोठ्या बंद भांड्यात नुकताच एक प्रोब बसवला होता, टोकाला इवलीशी खिडकी असलेली धातूची कांडी. खिडकीतून अवरक्त प्रकाश आतल्या द्रवात शिरतो, कोणता पदार्थ किती प्रकाश गिळतो ते प्रोब टिपतो, आणि पडद्यावर प्रत्येक पदार्थाचं शिखर आपापल्या जागी उभं राहतं. आत काय घडतंय ते घडत असतानाच दिसतं. तिनं लिहिलं होतं, ‘मामा, आता भांड्यातून नमुना काढून तपासायचं बंदच करू म्हणतात. माझी सही हवी आहे. तू आयुष्यभर हीच शिखरं वाचलीस. करू का?’

उत्तर आलं नाही, तशी तिनं सही केली. कारण घरात रीतच होती, मामा गप्प म्हणजे मामांची हरकत नाही. लग्नालासुद्धा ते असेच हो म्हणाले होते, असं मामी चारचौघांत सांगायची.

सहीची बातमी बहिणीनं जेवताना सांगितली, तसे मामा अर्ध्या पानावरून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुणाला न कळवता कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभे राहिले.

“आज सूर्य कुठून उगवला?” भाचीनं त्यांना नियंत्रणकक्षात आणून खुर्ची दिली. “बस. पहिलीच खेप आहे, बिननमुन्याची.”

खोलीत आणखी दोघं होते. व्यवस्थापकसाहेब, आणि वर्षानुवर्षं झडपा फिरवून तळहात राठ झालेले ऑपरेटर, ज्यांना सगळे वस्ताद म्हणत. काचेपलीकडे रिअ‍ॅक्टर. त्यात पहिला पदार्थ सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे नुसत्या विरघळवणाऱ्या द्रवात, विरघळून तयार होता, आणि वरच्या टाकीतून दुसरा पदार्थ हळूहळू आत पडत होता. पडेल तसा तो क्रियेत संपला पाहिजे. न संपता साठत गेला आणि मग सगळा एकदम पेटून उठला, तर भांडं फाटतं.

“बघा काका,” साहेब पडद्याकडे बोट करून म्हणाले, “दुसऱ्याचं शिखर जमिनीला टेकलंय. पडतोय आणि संपतोय. लोण्यासारखं काम.”

मामांनी पाहिलं. शिखर खरंच बुटकं होतं. पण त्यांची नजर सवयीनं बाजूला गेली, सॉल्व्हंटच्या शिखराकडे. तेही खचलं होतं. मघापेक्षा आता जास्तच.

सॉल्व्हंट क्रियेत भागच घेत नाही. मग तो का कमी व्हावा? वरून पडणाऱ्या मालानं थोडा पातळ होईल, पण एवढा? खिडकीवर काही चिकटलं असेल तर? मग प्रकाश द्रवापर्यंत पोचतच नसेल, आणि सगळीच शिखरं बुटकी दिसतील, आत दुसरा पदार्थ कितीही साठला तरी.

किंवा नसेलही. प्रोबचा दिवाच जुना झाला असेल. आपण काय, निवृत्त माणूस. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. टाकीतला माल पडतच होता.

“वस्ताद,” त्यांनी अगदी हळू विचारलं, “गार पाण्याची झडप किती उघडी आहे?”

“जवळजवळ बंदच, काका. आज भांडं तापतंच नाही. शहाण्या बाळासारखं बसलंय.”

क्रिया चालू असती तर उष्णता निघाली असती, आणि झडप पूर्ण उघडावी लागली असती.

“थांबव,” मामा म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की कुणाला ऐकूच गेला नाही. मग ते उठून उभे राहिले. “बाळ, टाकी बंद कर.”

“मामा, नक्की?”

साहेब हसले. “काका, मधे थांबवलं तर अख्खी खेप वाया जाऊ शकते. नक्की असेल तरच बोला.”

मामांचे कान लाल झाले. “नक्की नाही,” ते म्हणाले. “पण थांबव.”

भाचीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या आठवणीत मामांनी कुणाला कधी काही करायला सांगितलं नव्हतं. तिनं बटण दाबलं.

“मॅडम, याचा जाब तुम्ही द्यायचा,” साहेब म्हणाले.

“देईन. वस्ताद, नमुना काढा.”

वस्तादांनी बाटली भरून प्रयोगशाळेत धाडली. तापमानाचा आकडा हलेना. साहेब घड्याळाकडे बघत टेबलावर बोटं वाजवत होते, आणि मामा मनात क्षमेची वाक्यं जुळवत होते. तेवढ्यात प्रयोगशाळेचा फोन वाजला. भाचीनं ऐकलं आणि ठेवला.

“पडलेला सगळा माल तसाच आहे आत. काहीच संपलेलं नाही.”

तिचं वाक्य पुरं होतंय तोच वस्ताद म्हणाले, “आकडा हलला.”

आधी मुंगीच्या पावलानं, मग भराभर. आत साठलेलं सगळं जागं झालं होतं. साहेबांनी स्वतः झेप घेऊन गार पाणी पूर्ण सोडलं. काचेपलीकडचे नळ थरथरू लागले. आकडा लाल रेघेकडे चढत गेला, रेघेखाली अडखळला, आणि तिथंच घोटाळत राहिला. भाचीनं मामांचं मनगट घट्ट धरलं होतं. मग आकडा उतरू लागला.

वस्तादांनी कपाळ पुसलं. “टाकी पुरी रिकामी झाली असती, तर झाकण शोधायला पलीकडच्या गावात जावं लागलं असतं. आणि आपल्याला शोधायला कुणीच नसतं.”



फाटकापर्यंत भाची मामांना सोडायला आली. “तू ‘करू नकोस’ असं लिहिलं असतंस, तर मी सही केली नसती.”

“मला खात्री नव्हती गं.”

“आज कुठं होती?”



“मी सही मागे घेतेय,” ती म्हणाली. “पण महिनाभरानं सगळे हे विसरतील. तुझं मत लेखी दे. टपालानं पाठव, म्हणजे आवक नोंद होऊन फाइलला लागेल. आणि मामा, पुस्तकात घालू नकोस.”

टपाल कचेरीच्या कट्ट्यावर, दोरीला बांधलेल्या पेनानं मामांनी उभ्याउभ्याच लिहिलं. ‘नमुने काढणं बंद करू नये. पडद्यावर सॉल्व्हंटच्या शिखरावरही लक्ष ठेवावं. ते खचलं तर पडदा खोटं बोलतो आहे असं धरावं. माल पडत असूनही गार पाण्याची झडप बंद असेल तरी तसंच. चालू ठेवायला खात्री लागते. थांबवायला शंका पुरते.’ शेवटच्या वाक्याआधी ‘बहुधा’ लिहायला हात गेला होता. तो त्यांनी आवरला.

वाचून पाहिलं तर पुन्हा बदलावंसं वाटेल, म्हणून न वाचताच पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं.