उंच जाळीची गाडी

मी पिकअप. कापसाच्या दिवसांत तुम्ही मला रस्त्यानं जाताना पाहिलं असेल, मागून एवढी फुगलेली की मागच्या गाडीवाल्याला पुढचं काही दिसू नये. आजपर्यंत तुम्ही माझा हॉर्नच ऐकला. आज माझं थोडं ऐका. जास्त वेळ घेत नाही.

कारखान्यात मला कोणी घडवलं ते आठवत नाही. आठवतो तो मारेगावजवळच्या एका खेड्यातल्या अंगणातला पहिला दिवस. धम्मरत्न मला घरी घेऊन आला तेव्हा त्याची बायको रुपाली दारात उभी होती, महिन्याभराची पोर पदराखाली घेऊन. सासू इंदूबाईनं माझ्या चाकांवर पाणी टाकलं. सासरे उकंडाबाबा माझ्याभोवती एक फेरा मारून म्हणाले, "बैलाले चारा लागे. इले काय लागते?"

"डिझल लागते, बाबा."

"मंग बैलच बरा होता. थो रस्त्यानं दुसऱ्याच्या बांधावरचं फुकट तं खाये."

सगळे हसले. पोरीचं नाव गुंजन ठेवलं आणि त्याच आठवड्यात पेंटरकडून माझ्या कपाळावर निळ्या अक्षरात तेच लिहून आणलं. आम्ही दोघी एका नावाच्या झालो.

धम्मरत्न मला फार जपायचा. रोज सकाळी बॉनेट उघडून ऑइलची पट्टी पुसून पाहायचा, चाकांना लाथ मारून हवा बघायचा. कापसाच्या दिवसांत तंतू उडून माझ्या रेडिएटरच्या जाळीत बसतात, मग मी तापते. तो ते बोटांनी एक एक काढत बसायचा. रुपाली म्हणायची, "पोरीची एवढी वेणीफणी करत जा कधी." तो म्हणायचा, "पोरगी रडून सांगते. हे कशी सांगन?"

रुपालीला सगळ्याचीच भीती वाटायची. पऱ्हाटीच्या वाळक्या काड्यांच्या ढिगात विंचू असेल, फवारणीचा डबा पोरीच्या हाताला लागेल, विहिरीचा काठ खचेल. पोर झोपली की नाकाखाली बोट धरून श्वास येतो का पाहायची. इंदूबाई चिडायच्या. "अवं, तुह्याच एकटीले लेकरू झालं काय?"

म्हणून वेचणीच्या वेळी ती गुंजनला माझ्या हौद्यात ठेवायची. खाली ठेवलं तर साप-किरडू, बांधावर ठेवलं तर काटे. माझ्या दोन्ही बाजूंच्या पाईपांना लुगड्याची झोळी बांधायची आणि ती समोरच्या तासात, झाडांच्या ओळीत, वेचायला लागायची. माझ्या फळ्या तिच्या छातीएवढ्या होत्या. चार झाडं वेचली की मान वर करायची, पोर दिसायची, पुन्हा खाली वाकायची. मला तिची ती मान वर होण्याची सवय झाली होती.

मग बोंडअळीचं साल आलं. बोंड बाहेरून हिरवंगार दिसायचं, फोडलं की आत गुलाबी अळी. सरकी पोखरलेली, कापूस पिवळा आणि हलका. हौदा काठोकाठ भरला तरी जिनिंगच्या काट्यावर वजन उतरायचं नाही. एका खेपेचं काम दोन खेपांत व्हायला लागलं. सगळेच पिकअपवाले वेल्डरकडे धावले. धम्मरत्नही मला घेऊन गेला.

वेल्डरनं जास्तीचं वजन पेलावं म्हणून माझ्या मागच्या पाट्याला, स्प्रिंगला, दोन पानं जास्त घातली. मग फळ्यांवर लोखंडी जाळी चढवली, उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर जाईल एवढी. कापूस उडू नये म्हणून आतून ताडपत्री शिवली. मला छान वाटलं, खोटं कशाला सांगू. मी एकदम ट्रकसारखी दिसायला लागले. घरी आल्यावर धम्मरत्ननं दोन्ही हात कमरेवर ठेवून मला पाहिलं.

रुपाली माझ्याजवळ आली, टाचा उंचावल्या, पुन्हा खाली उतरली.

"आवं, मले आतमधलं काहीच दिसून नाही राह्यलं."

"तुले आत काय पाहाचं हाय? कापूसच तं हाय."

त्या दिवसापासून झोळी बंद झाली. गुंजन आता अडीच वर्षांची होती, पायानं पळायची. शेजारच्या तांड्यातली जमनीबाई वेचणाऱ्या बायांबरोबर यायची. ती वरच्या वावरात, बोरीखाली, सगळ्यांची पोरं सांभाळायची. ह्यांची वावरं, म्हणजे शेतं, दोन. टेकाडाकडचं ते वरचं आणि नाल्याकडचं ते खालचं. गुंजन कधी वरच्या वावरात जमनीबाईजवळ असायची, कधी खाली आजीजवळ.

त्या दिवशी मी खालच्या वावरात उभी होते. सकाळचे अकरा वाजले असतील. हौदा अर्ध्याहून जास्त भरला होता. इंदूबाई माझ्यात उभ्या राहून कापूस तुडवत होत्या, तो दबल्याशिवाय जास्त मावत नाही. नात त्यांच्याजवळ खेळत होती. मऊ कापसात लोळली, हसली आणि केबिनकडच्या कोपऱ्यात झोपी गेली. म्हातारीनं तिच्यावर उन्हापुरता डोक्यावरचा फडका टाकला.

तेवढ्यात रुपाली गाठोडं घेऊन आली. खालून हाक मारली, "आई, गुंजन कुठी हाय?"

"वर हाय. झोपली."

"बरं झालं," रुपाली म्हणाली आणि निघून गेली.

म्हातारीचं वर म्हणजे माझ्यावर. सुनेनं ऐकलं ते वरचं वावर. दोघींचंही चुकलं नव्हतं.

थोड्या वेळानं इंदूबाईच्या पायात गोळा आला. त्या मागच्या फाळक्यावरून, उघडणाऱ्या फळीवरून, हळूहळू उतरल्या आणि घोटभर पाणी प्यायला नाल्याकडच्या गवताच्या खोपडीत गेल्या. पोर झोपली आहे, आत्ता येते, एवढंच त्यांच्या मनात. इकडे धम्मरत्न आणि उकंडाबाबा गाठोडी घेऊन आले. तो जाळीपाशी थांबला, वर पाहिलं. ताडपत्रीशिवाय काय दिसणार?

"वर कोनी हाय काय?" त्यानं विचारलं.

रुपाली परत येऊन तिथंच दुसरं गाठोडं बांधत होती. तिनं पाहिलं, सासू तर खोपडीकडे चालली आहे.

"कोनीच नाही. टाका."

बाप-लेकानं झोका देऊन पहिलं गाठोडं जाळीवरून आत फेकलं. मग दुसरं. मग तिसरं, चौथं.

मला कळलं हो. मला वजन कळतं, बाकी काही कळत नाही. चौथ्या गाठोड्यानंतर माझ्या हौद्यात, केबिनकडच्या कोपऱ्यात, खालून काहीतरी हललं. टाचेएवढं. माझ्या पत्र्याला ते दोन-तीनदा लागलं. मी गाडी आहे. चावी दिल्याशिवाय माझा दिवाही लागत नाही, हॉर्नही वाजत नाही. मी तशीच उभी राहिले.

इंदूबाई पदरानं तोंड पुसत आल्या. म्हणाल्या, "पोरीले उतरोलं ना?"

"कोन्त्या पोरीले?" धम्मरत्ननं विचारलं.

रुपाली चाकावर पाय देऊन जाळीवर चढली, तिची साडी फाटली, आणि आत उडी मारून दोन्ही हातांनी कापूस उपसायला लागली. धम्मरत्ननं फाळका पाडला. कापूस वावरभर झाला. जेव्हा गुंजन सापडली तेव्हा तिच्या तोंडात, नाकात तंतू होते. रुपालीनं ते बोटानं काढले आणि तिच्या नाकाखाली बोट धरून बसली. बराच वेळ धरून बसली.

मग धम्मरत्ननं मला जेवढं पळवलं तेवढं मी कधी पळाले नव्हते. फाळका उघडाच. मारेगावच्या दवाखान्यापर्यंत रस्त्यावर कापूस सांडत गेला. डॉक्टरांनी हात लावला, डोळे पाहिले आणि विचारलं, "किती वेळ झाला?" परत येताना रुपाली पुढे बसली होती, पोर मांडीवर. ती एवढंच म्हणत होती, "टाका मीच म्हनलं."

त्या घरात पुढे कोणी कोणाला दोष दिला नाही. पण एक शब्द त्या घरातून गेला. वर. माळ्यावरचा डबा हवा असला तर इंदूबाई म्हणायच्या, "थो फळीचा डबा काढ." वरच्या वावराला उकंडाबाबा 'टेकडीचं वावर' म्हणायला लागले. एकदा पाहुणा म्हणाला, "वर बसतो खाटेवर," तर रुपाली ताटावरून उठून मागच्या दारी गेली.

माझ्याकडे कोणी पाहीना. ऑइल काळं झालं, एक चाक बसलं, हौद्यात चिमण्यांनी घर केलं. फक्त रुपाली यायची. सकाळी झाडझूड झाली की चाकावर पाय द्यायची, जाळी धरून चढायची, रिकाम्या हौद्यात पाहायची आणि उतरायची. रोज.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर दारव्ह्याकडचा धनसिंग मला विकत घ्यायला आला. बायको बरोबर होती, तिच्या कडेवर वर्षाचं लेकरू. धनसिंगनं माझ्या जाळीला थापा मारल्या. "जाळी मस्त हाय, भाऊ. अजून फूटभर वाढवतो."

घरातून रुपाली बाहेर आली. धनसिंगकडे न पाहता ती त्या बाईजवळ गेली, लेकराच्या तळपायाला हात लावला आणि म्हणाली, "बाई, कोनी तुले म्हनलं का लेकरू वर हाय, तं इसवास ठेवू नको. चढून पाह्य."

इंदूबाईनं दारातच तोंडावर पदर घेतला.

आता मी दारव्ह्याला आहे. माझ्या कपाळावरचं नाव पुसलं, जाळी फूटभर वाढली. वेचणी सुरू आहे. धनसिंगची बायको बहुतेक दिवस चढते, आत पाहते, मग म्हणते, "टाका." पण सगळे दिवस सारखे नसतात. कधी मजूर कमी असतात, कधी पाऊस डोक्यावर आलेला असतो, आणि ती खालूनच म्हणते, "टाका." तेव्हा गाठोडं हवेत असतं तेवढा वेळ मी काय भोगते ते मलाच माहीत.

तुम्ही कापूस भरत असाल तर माझं एवढं ऐका. लेकरू कुठं आहे हे सासूला, नवऱ्याला, शेजारणीला विचारू नका. लेकराच्या नावानंच हाक मारा. आणि त्यानं ओ दिल्याशिवाय हातातलं गाठोडं सोडू नका.